पान एकाहत्तर ते त्र्याहत्तर

पहिल्या दिवशी संहितेची सगळी पानं पांढरी असतात. तालीम सुरू झाली की लेखक बदल करतात, आणि बदललेलं पान दुसऱ्या दिवशी निळ्या कागदावर छापलं जातं. त्यानंतरचे बदल गुलाबी, मग पिवळे, मग हिरवे. एक स्वल्पविराम हलवला तरी अख्खं पान रंगीत होतं. पानाच्या डोक्यावर तारीख असते. हे सगळं एवढ्यासाठी, की वाचणाऱ्यांच्या बाराही फायलींत एकच पान उघडलेलं असावं. एकाकडे कालचं पान राहिलं तर तो कालचं वाक्य बोलतो, आणि समोरचा त्याला आजचं उत्तर देतो.

आमच्या थिएटरचा नव्या संगीत नाटकांचा महोत्सव दर जूनमध्ये असतो. तीन नाटकं येतात, प्रत्येकाला दोन आठवडे मिळतात. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. नट स्टँडपुढे उभे राहून फाइल उघडी ठेवून वाचतात आणि गातात. शेवटच्या गुरुवारी पहिलं जाहीर वाचन, शनिवारी दुसरं. मधल्या शुक्रवारी जे काही दुरुस्त करायचं ते करायचं. गुरुवारी प्रेक्षक कुठे हसले, कुठे चुळबुळले हे बघून शुक्रवारी कापाकापी होते. शुक्रवार हा कसायांचा दिवस असतो, असं आमची दिग्दर्शिका रोझलिन म्हणते.

यंदा पानं बदलायचं काम मी मागून घेतलं होतं. नाटक माझ्या मुलीचं होतं.

मारेनने संवाद आणि गाणी लिहिली होती, लूशनने चाली बांधल्या होत्या. दोघांनी मिळून न्यूयॉर्कमध्ये चार वर्षं त्यावर काम केलं. महोत्सवाकडे अर्ज मारेननेच पाठवला. मागच्या एप्रिलमध्ये ती गेली. मेंदूतली एक रक्तवाहिनी फुटली. तेहेतीस वर्षांची होती. निवड झाल्याचं पत्र त्यानंतर पाच आठवड्यांनी माझ्या पत्त्यावर आलं, कारण अर्जात तिने गावचा पत्ता दिला होता. गावच्या माणसांना झुकतं माप मिळतं, हे तिला माहीत होतं.

तेव्हा पांढरं पान म्हणजे मारेन, आणि रंगीत पान म्हणजे तिच्यामागे एकट्याने बदल करणारा लूशन. पहिल्या सोमवारी पांढरी पानं एकशे आठ होती. पहिला आठवडा संपला तेव्हा ब्याऐंशी. दुसऱ्या बुधवारी चौसष्ट. मी रोज मोजत होते, आणि कुणाला सांगत नव्हते.

करारात एक कलम होतं, की मारेनचे शब्द माझ्या संमतीशिवाय काढायचे नाहीत. वकिलाने घातलेलं. पहिल्याच दिवशी मी रोझलिनला म्हटलं, "वाक्या-वाक्याला विचारत बसू नका. अख्खं गाणं काढायचं झालं तर तेवढं विचारा."

"वेळच येणार नाही," रोझलिन म्हणाली. ती असं म्हणाली की वेळ येते, हे मला तिच्या चाळीस वर्षांच्या ओळखीवरून ठाऊक होतं.

महोत्सवाचे कलाकार गावातल्या लोकांच्या घरी उतरतात. लूशन माझ्याकडे होता, मारेनच्या खोलीत. तो लुइझियानाचा. तिकडच्या रीतीप्रमाणे मला मिस बेरिट म्हणायचा. येताना त्याने लाल तिखट सॉसच्या दोन बाटल्या आणल्या होत्या, आणि अंड्यांपासून जंगली तांदळाच्या सुपापर्यंत सगळ्यावर तो ते ओतायचा.

"चव बघून तरी ओत," मी म्हणायचे.

"मिस बेरिट, तुमच्या मिनेसोटात चव बघितली की भूक जाते."

"मारेनला आवडायचं हे सूप."

"मारेन माझी बाटली पळवायची. तुम्हाला सांगितलं नसेल तिने."

नव्हतं सांगितलं. असं काहीतरी रोज नवं कळत होतं. ती त्याला वाऱ्यासारखी वाटत असेल, आली की घरभर. मला ती रविवारच्या फोनवर भेटायची. सकाळी तो गळ्याला मफलर गुंडाळून खाली यायचा आणि खिडकीबाहेरचं तळं बघून हताश व्हायचा. "जून आहे ना आज? नक्की?"

"बासष्ट अंश फॅरनहाइट आहे. छान हवा आहे."

"आमच्याकडे या हवेत लोक मृत्युपत्र करतात."

कॉफी पिताना तो टेबलावर बोटांनी पियानो वाजवत राही. दुसऱ्या बुधवारी मात्र त्याची बोटं स्थिर होती. एक गाणं जड जातंय, असं म्हणाला. कुठलं ते मी विचारलं नाही. दोघांनी रूबार्बच्या आंबट देठांचा केक संपवला.

नाटक बर्फ कापणाऱ्यांचं होतं. फ्रिज येण्यापूर्वी आमच्या तळ्यावर जानेवारीत करवतींनी बर्फाच्या लाद्या कापायचे, वखारीत लाकडी भुशात पुरून ठेवायचे आणि उन्हाळाभर विकायचे. माझ्या आजीच्या मावशीचा नवरा त्या कामात बर्फाखाली बुडाला. त्याने त्या सकाळी कापलेल्या लाद्या वखारीत आधीच रचून झाल्या होत्या. त्या उन्हाळ्यात विकल्या गेल्या. मावशीने एक लपवून ठेवली. एवढीच गोष्ट मी मारेनला लहानपणी सांगितली होती. नाटकात त्या बाईचं नाव सिग्ने आहे.

चार वर्षांपूर्वी मारेनने फोन करून विचारलं होतं, "आई, एक लादी भुशात किती दिवस टिकेल?"

मी गावच्या पाणीपुरवठा केंद्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली. पाण्याचा गढूळपणा, क्लोरीन, जंतू. बर्फ हा माझा विषय नव्हता, तरी मी लादीची मापं, भुशाची जाडी आणि उत्तरेची भिंत धरून गणित केलं आणि पोस्टकार्डावर उत्तर पाठवलं: एकशे चाळीस दिवस, दार उघडलं नाही तर. प्रत्येक वेळी दार उघडलं की साधारण अर्धा दिवस वजा.

दुसऱ्या अंकात, पान एकाहत्तर ते त्र्याहत्तर, सिग्ने एकटी वखारीत येते, गुडघ्यावर बसते, हाताने भुसा बाजूला करते आणि गाते.

भुशात हात घालते, अजून गार लागतं,
जानेवारीचं टोक अजून बोटांना लागतं.
बघायचं तुला, तर दार उघडावं लागतं,
दार उघडलं की थोडं तुझं पाणी होतं.

गाणं तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं होतं. तीनही पानं पांढरी होती. त्यात माझ्या पोस्टकार्डाचा वाटा होता, हे लूशनला माहीत नव्हतं. मीही कधी बोलले नाही.

मारेनचे वडील अ‍ॅरिझोनात असतात. त्यांनी फोन करून विचारलं, गुरुवारी येऊ का. मी ये म्हटलं. ते आले नाहीत.

आमचं थिएटर पूर्वी लोण्याचा कारखाना होतं. दोनशे बारा खुर्च्या आहेत. गुरुवारी एकशे नव्वद भरल्या. मी मागून तिसऱ्या रांगेत कडेला बसले, मांडीवर वही घेऊन. पहिल्या अंकात लोक चांगले हसले. बर्फ फुटण्याच्या प्रसंगाला एक बाई पुढे झुकली आणि तशीच राहिली. सगळ्या गाण्यांच्या वेळी मी खोकले मोजत होते. कुठे दोन, कुठे तीन.

मग आर्नने रंगसूचना वाचली. अशा वाचनात पडदा, दार, पाऊस काहीच नसतं, म्हणून एक माणूस कडेला बसून रंगसूचना मोठ्याने वाचतो. आर्न टॉफ्टे अकरा वर्षं हे काम करतो. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचा, अजून प्रत्येक वाक्य नकाशावर काठी ठेवल्यासारखं वाचतो. "सिग्ने एकटी वखारीत येते. गुडघ्यावर बसते. हाताने भुसा बाजूला करते."

सिग्नेचं काम करणारी कॉरा गायला लागली. आवाज स्वच्छ, शब्दांची फेक सुरेख. पहिल्या कडव्यात चार खोकले. दुसऱ्यात पाच. माझ्या पुढच्या रांगेतल्या माणसाने मनगट उजेडाकडे वळवून घड्याळ पाहिलं. तिसऱ्यात आणखी दोन. एकूण अकरा. जूनमध्ये कुणाला सर्दी नसते.

गाणं का चालत नाही तेही मला दिसत होतं. सिग्नेचं दुःख लोकांना आधीच्या प्रसंगातच कळलेलं होतं. आता ती तेच, अधिक सुंदर करून, पुन्हा सांगत होती. टाळ्या पडल्या. त्या कॉरासाठी होत्या.

शुक्रवारी सकाळी साडेसातला मी छपाईच्या खोलीत होते. पूर्वी तिथे लोणी भरायचे. फरशीला अजून उतार आहे आणि मधोमध पाणी जायची जाळी. मशीन तापत होतं. रोझलिन आली, तिच्यामागे लूशन. तो मफलर न घालता आला होता.

"बेरिट, बस जरा," रोझलिन म्हणाली.

"मशीन चालू आहे."

"बंद कर मग."

मी केलं नाही. रोझलिनने लूशनकडे पाहिलं. तो जाळीकडे बघत होता.

"एकाहत्तर ते त्र्याहत्तर," रोझलिन म्हणाली.

"अकरा."

"काय अकरा?"

"खोकले. बाकी गाण्यांना दोन-तीन."

"तू खोकले मोजत बसली होतीस?"

"एकतीस वर्षं दुसरं काय केलं मी."

लूशनने मान वर केली. त्याने रात्रभर झोप घेतली नसावी. वरच्या खोलीतल्या जमिनीच्या फळ्यांची करकर मला ऐकू आली होती. "चाल माझीच पडली, मिस बेरिट. मी दुसरी बांधतो. आजचा दिवस आहे अजून. कॉरा पटकन शिकते."

"चाल चांगली आहे."

"मग शब्द थोडे कमी—"

"शब्दही चांगले आहेत. त्या जागी गाणंच नको आहे. ते तुला बुधवारीच कळलं होतं. केक खाताना."

रोझलिनने माझ्या दंडावर हात ठेवला. "बेरिट, मारेन असती ना, तर तिने स्वतःच—"

"ते म्हणू नकोस."

तिने हात काढला.

"मारेन असती तर भांडली असती," मी म्हटलं. "तासभर. तुला हुकूमशहा म्हणाली असती, याच्याशी दुपारपर्यंत बोलली नसती. मग काढलं असतं. तो तासभर तेवढा मी भांडत नाहीये. काढा."

लूशन म्हणाला, "लेखी काही लागेल का करारासाठी?"

"पानं मीच छापते. तेवढं पुरे."

रोझलिन निघून गेली. लूशन दारात थांबला. काहीतरी म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि मशीनने कागद अडकल्याची शिट्टी दिली. मी वळून झाकण उघडलं. कागद सोडवून मागे पाहिलं तेव्हा तो गेला होता.

गाणं काढलं की पानांचे आकडे तुटतात, म्हणून त्या जागी एकच पान घालायचं असतं. शुक्रवारचा रंग हिरवा. मी बारा हिरवी पानं छापली. डोक्यावर '७१ ते ७३', खाली थेट पुढचा प्रसंग: 'सप्टेंबर. वखार. सिग्ने दार उघडते. ओला भुसा.' रंगसूचनाही गाण्याबरोबर गेली.

टेबलावर अकरा फायली होत्या. मी एकेक उघडली, कड्या सोडल्या, तीन पांढरी पानं काढली, एक हिरवं घातलं, कड्या मिटवल्या. कॉराच्या फायलीत तिसऱ्या कडव्यावर पेन्सिलने लिहिलं होतं: 'श्वास इथे नको.' काढलेली पानं टाकायला निळं पिंप असतं. त्यात न टाकता मी ती एका खोक्यात ठेवली. तेहेतीस पानं.

बारावी फाइल आर्नची. ती नव्हती. त्याची नजर अधू झाल्यापासून त्याची फाइल मोठ्या अक्षरांत वेगळी छापतो. फाइल थिएटरबाहेर न्यायची नाही असा नियम आहे, पण आर्न ती घरी नेतो आणि अंथरुणाला खिळलेल्या बायकोपुढे वाचनाचा सराव करतो. अकरा वर्षांत त्याचा एक शब्द चुकलेला नाही, म्हणून कुणी बोलत नाही. शुक्रवारच्या तालमीला त्याला बोलावत नाहीत. तो थेट शनिवारी येणार होता. मी त्याचं हिरवं पान पाकिटात घातलं, वर 'आर्न, आधी हे' असं लिहिलं आणि त्याच्या खुर्चीवर ठेवलं. मग वहीत बारापैकी बारा अशी खूण केली.

प्रयोगशाळेत मी असं कधी केलं नसतं. बाटली हातात आल्याशिवाय नमुना आला असं धरायचं नाही, हे मी हाताखालच्या तीन पोरांना रडवून शिकवलं होतं.

शनिवारी दुपारी दोनचं वाचन. सभागृह पूर्ण भरलं, भिंतीशीही माणसं उभी होती. आर्नच्या बायकोची नर्स उशिरा आली म्हणून आर्न दोनला दोन मिनिटं असताना धापा टाकत आला, मंद उजेडात खुर्ची चाचपून बसला. पाकिटावर बसला. मला मागून ते दिसलं नाही.

पहिला अंक गुरुवारपेक्षा चांगला झाला. दुसऱ्या अंकात शेवटच्या लाद्या विकल्या गेल्या, सिग्नेने एक लपवली. नटांनी पान उलटलं. हिरवं. आता आर्नने 'सप्टेंबर' म्हणायचं होतं.

"सिग्ने एकटी वखारीत येते," आर्न वाचू लागला. "गुडघ्यावर बसते. हाताने भुसा बाजूला करते."

आणि तो थांबला.

पियानोपाशी लूशनचा हात उचलला गेला आणि हवेतच राहिला. त्याच्यासमोर त्या गाण्याचं नोटेशन नव्हतं. कॉराने हिरव्या पानाकडे पाहिलं. मग तिने नजर स्टँडवरून खाली, रंगमंचाच्या फळ्यांकडे नेली आणि तिथेच ठेवली. जणू तिथे खरंच काही होतं.

मी मोजत होते. एक. दोन. चूक कुठे झाली ते मला दोन मोजतानाच कळलं होतं. तीन. चार. कुणी खोकलं नाही. पाच. कागद हलला नाही, खुर्ची वाजली नाही. सहा. मला ते गाणं ऐकू येत होतं. पहिली ओळ संपून दुसरी सुरू झाली होती, जानेवारीचं टोक. सात.

आर्नच्या फायलीतून पानं उलटल्याचा आवाज आला, एक, दोन, बरीच. "सप्टेंबर," तो घाईने म्हणाला. "वखार. सिग्ने दार उघडते. ओला भुसा."

भिंतीशी उभ्या असलेल्या कुणीतरी श्वास सोडला. तो अख्ख्या सभागृहाला ऐकू गेला.

वाचनानंतर चर्चा असते. तिचा नियम असा, की लेखकाने समोर बसायचं आणि बोलायचं नाही. प्रेक्षकांनी सांगायचं, काय लक्षात राहिलं. लूशन स्टुलावर बसला. शेजारी एक रिकामं स्टूल ठेवायची कल्पना कुणीतरी मांडली होती. मी ती सोमवारीच हाणून पाडली होती.

बियाण्यांच्या दुकानातली मिल्ड्रेड उठली. "ती भुसा बाजूला करते ना, आणि बोलत नाही काहीच, तिथे माझा जीव कसासाच झाला. अजून होतोय."

पुष्कळ माना हलल्या. मासेमारीची टोपी घातलेला एक माणूस बसल्या जागेवरूनच म्हणाला, "मला तर भीती वाटली, आता ही गाणार."

सभागृह हसलं. मनापासून, सुटल्यासारखं हसलं. हसू ओसरायला वेळ लागला. माझ्या शेजारच्या बाईने हसत माझ्याकडे पाहिलं, म्हणून मीही हसले. लूशन हसला नाही. तो रांगांमधून मला शोधत होता. मी वहीत मान घातली आणि त्या गाण्यापुढे, म्हणजे गाणं होतं त्या जागेपुढे, शून्य लिहिलं.

नंतर छपाईच्या खोलीत आर्न चुरगळलेलं पाकीट हातात धरून उभा होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "अकरा वर्षं," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "अकरा वर्षं, बेरिट."

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "फाइल हातात न घेता मी खूण केली."

"अरे गप्प बसा दोघंही," रोझलिन आत येत म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "आर्न, तुला मिठी मारू का? तीस वर्षं या धंद्यात आहे मी, अशी शांतता विकत मिळत नाही. हे ठेवायचं. लूशन, ठेवायचं हे."

लूशनने माझ्याकडे पाहिलं. "मिस बेरिट, ठेवू?"

"हे गाणं नाही," मी म्हटलं. "याला माझी संमती लागत नाही."

रविवारी स्वच्छ प्रत काढतात. महोत्सव संपला की निळी, गुलाबी, पिवळी, हिरवी पानं सगळी एकत्र करून, नवे आकडे घालून, नाटक पुन्हा पांढऱ्या कागदावर छापायचं. पुढे ज्यांना पाठवायचं त्यांना त्यातले रंग बघायचे नसतात. दोन मोठ्या थिएटरांनी प्रत मागितली होती. छापण्यापूर्वी मी शेवटचं मोजून घेतलं. पांढरी पानं एकेचाळीस उरली होती. मग मी बटण दाबलं आणि शहाण्णव पांढरी पानं बाहेर आली.

पान एकाहत्तर. 'सिग्ने एकटी वखारीत येते. गुडघ्यावर बसते. हाताने भुसा बाजूला करते. काही बोलत नाही.' पहिली तीन वाक्यं मारेनची, चौथं लूशनचं. अक्षर सारखं, शाई सारखी. पहिल्या पानावर 'शब्द: मारेन हाल्व्होर्सन'.

"तुझंही नाव घाल शब्दांत," मी लूशनला म्हटलं. "निम्म्याहून जास्त तुझे आहेत."

"मी फक्त पुसापुशी केली, मिस बेरिट."

मी प्रत घरी आणली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून वाचली. वाक्यं चांगली होती. कुठलं तिचं आणि कुठलं त्याचं, हे मी पेन्सिलने खुणा करत ठरवू लागले. बत्तिसाव्या पानावर एक विनोद होता, माझ्या मुलीच्या बोलण्याचा अगदी हुबेहूब ढंग. मी खूण केली. मग रंगीत पानांशी ताडून पाहिलं. गुलाबी, दुसऱ्या आठवड्यातलं. लूशनचं. मी पेन्सिल खाली ठेवली.

तो दुपारी निघाला. जाताना त्याने मारेनच्या पलंगावरची चादर घडी करून ठेवली आणि मला बराच वेळ धरून उभा राहिला. आमच्याकडे लोक इतका वेळ धरत नाहीत. "या माझ्या गावी," तो म्हणाला. "ऑगस्टमध्ये या. उकाड्याने हैराण करतो तुम्हाला." फ्रिजमध्ये त्याची दुसरी बाटली राहिली होती, अर्धी भरलेली. विसरला की ठेवून गेला, कोण जाणे.

सोमवारी सकाळी आर्न आला. हातात मोठं पाकीट होतं.

"काढलेली पानं परत करायचा नियम आहे ना," तो दारातूनच म्हणाला. "ही माझी. माझ्या अक्षरात पाच होतात."

"आत ये. कॉफी आहे."

तो बसला. मी पाकीट उघडलं. पाच पांढरी पानं, मोठी मोठी अक्षरं, पहिल्यावर तीन रंगसूचना आणि खाली गाणं. रंगसूचनेनंतर समासात आर्नने जाड निळ्या पेनाने लिहिलं होतं: 'थांब. ३ मि. ४० से.'

"प्रत्येक गाण्यापुढे लिहून ठेवतो मी," तो म्हणाला. "म्हणजे मध्येच बोलायला नको."

"हो."

"सगळे भेटून सांगतायत, काय ती शांतता, काय ती शांतता. काल चर्चमध्ये पाद्रीसुद्धा म्हणाला." त्याने कप बशीत फिरवला. "मला नाही कळली ती शांतता, बेरिट. मी गाण्यासाठी थांबलो होतो. मला वाटलं, ती आता सुरू करेल. आता करेल. तुझ्या मुलीचं गाणं मी घरी पंधरा वेळा वाचलंय. त्याच्यासाठी थांबणारा मीच असेन एकटा तिथे."

मी पाचही पानं एकावर एक नीट जुळवली. खोक्यात तेहेतीस होती. आता अडतीस.

"किती वेळ थांबलास?" मी विचारलं.

"कुणी मोजलंय. पाच-दहा सेकंद."

"सात," मी म्हटलं, आणि त्याच्या कपात कॉफी ओतली.